एडवर्ड गुडरिच ॲचेसन

एडवर्ड गुडरिच ॲचेसन (९ मार्च १८५६ – ६ जुलै १९३१) हे अमेरिकन संशोधक व उद्योजक होते. सिलिकॉन कार्बाइड हे अतिकठीण संयुग विद्युत भट्टीत मोठ्या प्रमाणावर तयार करण्याची पद्धत त्यांनी शोधून काढली. ही पद्धत आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. या पदार्थाला त्यांनी दिलेले ‘कार्बोरंडम’ हे नाव पुढे व्यापारी नाव म्हणून जगभर रूढ झाले. ग्राइंडिंग व्हील, पॉलिश पेपर, सुऱ्यांना धार लावण्याचे दगड आणि हौशी संग्राहक खडे घोळण्यासाठी वापरतात ती करडी-काळी पूड, या सर्वांचे मूळ ॲचेसन यांच्या १८९१ मधील एका प्रयोगात आहे. कृत्रिम ग्रॅफाइटच्या उत्पादनाचा पायाही त्यांनीच घातला.

सुरुवातीचे जीवन

ॲचेसन यांचा जन्म पेनसिल्व्हेनिया राज्यातील वॉशिंग्टन या गावी झाला. राज्याच्या नैर्ऋत्येकडील हा प्रदेश कोळशाच्या खाणींचा व लोखंडाच्या भट्ट्यांचा. त्यांचे वडील लोखंड गाळण्याच्या झोतभट्टीचे काम पाहत असत. त्यामुळे उष्णतेने दगडमातीचे रूप पालटते हे दृश्य त्यांच्या लहानपणापासून परिचयाचे होते. बेलफाँट अकादमीत त्यांचे जेमतेम दोन-तीन वर्षे शिक्षण झाले. १८७३ च्या आर्थिक मंदीच्या सुमारास शाळा सुटली आणि वडिलांच्या निधनानंतर कुटुंबाचा भार त्यांच्यावरही आला. रेल्वेमार्गाच्या मोजणीसारखी मिळतील ती कामे करीत असताना रात्री ते विजेचे प्रयोग करीत. खाणीत दगडाला भोक पाडणारे एक यंत्रही त्यांनी किशोरवयातच योजले होते. विद्यापीठाची पायरी ते विद्यार्थी म्हणून कधीच चढले नाहीत. त्यांच्या पुढील कामातील धाडस आणि चुकीचे अंदाज या दोहोंचा उगम याच स्वशिक्षणात आहे.

एडिसन यांच्याकडील वर्षे

१८८० मध्ये ॲचेसन यांना टॉमस अल्वा एडिसन यांच्या मेन्लो पार्क येथील प्रयोगशाळेत काम मिळाले. विद्युत दिव्याच्या तंतूसाठी योग्य कार्बन तयार करण्याच्या प्रयोगांत त्यांचा सहभाग होता. १८८१ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत प्रदर्शनासाठी एडिसन यांनी त्यांना युरोपात पाठविले. त्यानंतर इटली, बेल्जियम व हॉलंड येथे दिव्यांची यंत्रणा उभारण्याचे काम त्यांनी केले. अमेरिकेत परतल्यावर त्यांनी एडिसन यांची नोकरी सोडली. काही काळ त्यांनी प्रतिस्पर्धी दिवेनिर्मितीत आणि नंतर पिट्सबर्ग येथील भूमिगत केबल बनविणाऱ्या कंपनीत काम केले. याच काळात १८८४ मध्ये मार्गारेट माहेर यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

मोनोंगाहेला येथील शोध

सन १८९० च्या सुमारास ॲचेसन यांनी पेनसिल्व्हेनियातील मोनोंगाहेला या लहान शहरात वीजपुरवठ्याचे केंद्र उभारले. या केंद्रातील जनित्रामुळे त्यांच्या हाती मोठा विद्युत प्रवाह आला. त्याचा उपयोग करून हिऱ्याच्या तोडीचा कठीण अपघर्षक कृत्रिम रीतीने बनवावा, अशी त्यांची कल्पना होती. त्या काळी उद्योगांत वापरले जाणारे अपघर्षक म्हणजे नैसर्गिक एमरी, कुरुविंद, गारनेट व गारगोटीची वाळू. हिऱ्याची पूड त्यांहून कितीतरी सरस होती, परंतु तिची किंमत कारखान्यांना परवडणारी नव्हती.

मार्च १८९१ मध्ये त्यांनी एका लोखंडी भांड्यात चिकणमाती व कोकची पूड यांचे मिश्रण घेतले. भांडे हा एक विद्युत अग्र आणि मिश्रणात खोचलेली कार्बनची कांडी हा दुसरा, अशी जोडणी करून त्यांनी प्रबळ प्रवाह सोडला. मिश्रण थंड झाल्यावर कांडीच्या टोकाशी काही बारीक, चकचकीत कण चिकटलेले दिसले. ॲचेसन यांनी त्यांपैकी एक कण पेन्सिलीच्या टोकावर बसवून काचेवर ओढला, तेव्हा काचेवर स्पष्ट चर उमटली. प्रयोग पुन्हा करून कण साठविण्यास त्यांनी लगेच सुरुवात केली.

नावामागील गैरसमज

चिकणमातीत ॲल्युमिना असतो आणि स्फटिकरूप ॲल्युमिना म्हणजेच कुरुविंद. त्यामुळे कार्बन व ॲल्युमिना यांचा संयोग होऊन हे स्फटिक बनले असावेत, असे ॲचेसन यांनी गृहीत धरले. ‘कार्बन’ आणि ‘कोरंडम’ हे शब्द जोडून त्यांनी नव्या पदार्थाला ‘कार्बोरंडम’ म्हटले. रासायनिक विश्लेषणानंतर मात्र त्यात ॲल्युमिनियमचा संबंध नसून चिकणमातीतील सिलिकॉनचा कार्बनशी संयोग झाला असल्याचे स्पष्ट झाले. तोवर नाव रुळले होते आणि ते बदलण्याची गरज कोणाला वाटली नाही. या चुकीच्या नावात एक भारतीय धागा मात्र आहे. ‘कोरंडम’ हा शब्द तमिळमधील ‘कुरुंदम्’ व त्याच्या नात्यातील संस्कृत ‘कुरुविंद’ या शब्दांवरून युरोपीय भाषांत गेला. मराठीतील ‘कुरुंद’ हा शब्दही त्याच कुळातला आहे.

सिलिकॉन कार्बाइड निसर्गात जवळजवळ आढळत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंरी म्वासाँ यांना अमेरिकेतील कॅनियन डायाब्लो येथील अशनीच्या तुकड्यात ते सापडले. या खनिजाला पुढे १९०५ मध्ये त्यांच्यावरून ‘मॉयसनाइट’ असे नाव मिळाले. अशनीत अंशमात्र सापडणारा हा पदार्थ ॲचेसन तोपर्यंत टनावारी बनवू लागले होते.

कॅरटपासून टनापर्यंत

नव्या पुडीचे पहिले ग्राहक न्यूयॉर्कमधील रत्नांना पैलू पाडणारे कारागीर होते. ॲचेसन यांनी थोडी पूड त्यांच्याकडे नेली, तेव्हा हिऱ्याच्या पुडीला पर्याय म्हणून ती कॅरटवर विकली गेली. भाव होता कॅरटला ४० सेंट, म्हणजे पौंडाला आठशे-नऊशे डॉलर. सप्टेंबर १८९१ मध्ये त्यांनी कार्बोरंडम कंपनीची स्थापना केली आणि २८ फेब्रुवारी १८९३ रोजी त्यांना या पदार्थाचे अमेरिकी पेटंट मिळाले.

रत्नकारांची बाजारपेठ फारच लहान होती. पहिली मोठी मागणी जॉर्ज वेस्टिंगहाउस यांच्याकडून आली. १८९३ च्या शिकागो येथील जागतिक प्रदर्शनाच्या रोषणाईचे कंत्राट वेस्टिंगहाउस यांनी मिळविले होते, परंतु अखंड काचेच्या दिव्याचे पेटंट एडिसन यांच्याकडे होते. त्यातून मार्ग काढण्यासाठी वेस्टिंगहाउस यांनी बुचाचा दोन-भागी दिवा बनविला. त्याचे काचेचे बूच दिव्याच्या तोंडात हवाबंद बसण्यासाठी अचूक घासावे लागे, आणि त्याकरिता कार्बोरंडमची छोटी चाके उपयोगी पडली. एडिसन यांच्या पेटंटला वळसा घालण्याच्या या कामी एडिसन यांचाच जुना सहायक साह्यभूत ठरला, हा त्या काळच्या विद्युत उद्योगातील चुरशीचा एक मासला म्हणता येईल.

नायगारा आणि कंपनीवरील ताबा

मोनोंगाहेला येथील कारखाना १३४ अश्वशक्तीवर चालत होता आणि त्याच्या उत्पादनापैकी सुमारे निम्मेच विकले जात होते. अशा स्थितीत ॲचेसन यांनी नायगारा धबधब्यावर उभ्या राहत असलेल्या जलविद्युत केंद्राशी १००० अश्वशक्तीचा करार केला. कार्बोरंडमची किंमत मुख्यतः विजेच्या खर्चावर ठरते आणि किंमत उतरल्याशिवाय बाजार वाढणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. संचालक मंडळाला हा शुद्ध वेडेपणा वाटला आणि संचालकांनी राजीनामे दिले. ॲचेसन मागे हटले नाहीत. १८९५ मध्ये कारखाना नायगारा फॉल्स येथे सुरू झाला. ॲल्युमिनियम बनविणाऱ्या पिट्सबर्ग रिडक्शन कंपनीपाठोपाठ नायगाऱ्याच्या विजेचा करार करणारा हा दुसरा उद्योग होता.

हिशेब बरोबर ठरला. उत्पादन वाढत गेले आणि पुढे पौंडाचा भाव सेंटांत मोजला जाऊ लागला. परंतु विस्तारासाठी लागलेले भांडवल पिट्सबर्गच्या मेलन कुटुंबाच्या बँकेकडून आले होते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कंपनीचा ताबाही त्यांच्याकडे गेला. ज्या निर्णयामुळे कार्बोरंडम स्वस्त व सर्वपरिचित झाले, त्याच निर्णयाने संशोधकाला त्याच्या कंपनीतून बाहेर काढले. नायगाऱ्याची उडी मारली नसती तर कंपनी ॲचेसन यांच्या हाती राहिली असती, पण ती बहुधा रत्नकारांना पुडी विकणारी एक छोटी पेढीच राहिली असती.

ॲचेसन पद्धत

या पद्धतीची भट्टी म्हणजे विटांचा एक लांबट हौद असतो. त्याच्या दोन्ही टोकांना कार्बनचे विद्युत अग्र असून मधोमध कार्बनचा गाभा आडवा ठेवलेला असतो. गाभ्याभोवती शुद्ध सिलिका वाळू व कोक यांचे मिश्रण भरतात. निर्माण होणारा कार्बन मोनॉक्साइड वायू बाहेर पडावा म्हणून त्यात लाकडाचा भुसा, तर अशुद्धी निघून जाव्यात म्हणून मीठ घालण्याची पद्धत होती. प्रवाह सोडल्यावर गाभ्याजवळील तापमान २००० अंश सेल्सिअसच्या बरेच वर जाते. एक-दीड दिवस भट्टी चालवून ती निवू देतात. नंतर फोडल्यावर गाभ्यालगत मोठे, षट्कोनी स्फटिक दिसतात. बाहेरच्या बाजूस ते बारीक होत जातात आणि सर्वांत बाहेर अर्धवट भाजलेले मिश्रण उरते. ते पुढील खेपेस पुन्हा वापरतात. स्फटिकांवरील इंद्रधनुषी झाक ही सिलिकाच्या अतिशय पातळ थराची असते. अधिक शुद्ध माल हिरवा, तर साधारण माल काळा असतो.

कणांचे क्रमांक

भट्टीतून निघालेला गड्डा फोडून, दळून, धुऊन चाळला जातो. चाळणीच्या एका इंच लांबीत जितकी छिद्रे, तितका कणाचा क्रमांक असतो. त्यामुळे क्रमांक जितका मोठा तितका कण बारीक, ही गोष्ट नवख्यांना प्रथम उलटी वाटते. ६० क्रमांकाचा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो, २२० चा सुमारे ०.०६ मिलिमीटरचा. याहून बारीक पूड चाळणीने वेगळी करता येत नाही. ती पाण्यात कालवून निवळत ठेवतात. जड कण आधी तळाशी बसतात, हलके उशिरा, आणि त्या वेळेवरून प्रत ठरते. ‘६०/९०’ असे दोन आकडे असल्यास पुडीत त्या दोन मापांच्या दरम्यानचे मिश्र कण आहेत असे समजावे. युरोपीय मानकांत सुट्या पुडीची व पॉलिश पेपरची श्रेणी निराळी आहे. त्यामुळे ५०० क्रमांकाच्या सुट्या पुडीचा कण सुमारे १३ मायक्रॉनचा, तर त्याच क्रमांकाच्या कागदावरील कण सुमारे ३० मायक्रॉनचा असतो. केवळ आकडा पाहून पूड निवडणाऱ्याची येथेच फसगत होते.

दगड घोळण्यातील वापर

ॲचेसन यांच्या पहिल्या ग्राहकांचा धंदा आज हौशी स्वरूपात घरोघरी पोहोचला आहे. रबरी अस्तराच्या फिरत्या पिंपात खडे, पाणी व अपघर्षक पूड घालून ते दिवसेंदिवस फिरवत ठेवतात. नदीच्या पात्रात वर्षानुवर्षे चालणारी क्रिया यात काही आठवड्यांत उरकते. प्रचलित क्रम असा, की आधी ६०/९० ची जाड पूड, मग १२०/२२० ची मध्यम, मग ५०० ची बारीक आणि शेवटी झिलई.

या क्रमामागील कारण साधे आहे. प्रत्येक पूड दगडावर आपल्या मापाचे ओरखडे सोडते, आणि पुढच्या टप्प्याचे काम मागच्या टप्प्याचे ओरखडे पुसून त्यांजागी अधिक उथळ ओरखडे पाडणे एवढेच असते. ६०/९० नंतर थेट ५०० घातल्यास बारीक कणांना खोल चरांच्या तळापर्यंत पोहोचण्यास इतका काळ लागतो, की वाचवलेला आठवडा तेथेच खर्च होतो. आकार देण्याचे काम केवळ पहिल्या टप्प्यात होते. खड्यावर कोपरा, खड्डा किंवा भेग शिल्लक असेल तर पुढची कोणतीही पूड ती घालवू शकत नाही. पहिला टप्पा नव्या पुडीनिशी दोन-तीनदा करावा लागला तरी तो पुरा करणे श्रेयस्कर ठरते.

सिलिकॉन कार्बाइडचा ठिसूळपणा येथे गुण ठरतो. मोह्झ श्रेणीत त्याची कठिनता ९ ते ९.५, म्हणजे गारगोटीच्या ७ पेक्षा बरीच अधिक आणि हिऱ्याच्या १० पेक्षा कमी आहे. दगडांमध्ये चिरडला गेला की त्याचा कण बोथट होत नाही, तर फुटतो आणि प्रत्येक तुकड्याला नवी तीक्ष्ण कड येते. त्यामुळे आठवड्याभरात जाड पूड आपोआप बारीक होत जाते. तिचा जोर संपला की पिंप आणखी फिरवून फारसा लाभ होत नाही. झिलईसाठी मात्र ॲल्युमिनियम ऑक्साइड, सेरियम ऑक्साइड किंवा टिन ऑक्साइड यांची अतिसूक्ष्म पूड वापरतात.

निवड दगडावरही अवलंबून असते. अकीक, जॅस्पर यांसारखे गारगोटीच्या जातीचे दगड चारही टप्पे सोसतात. कॅल्साइट (कठिनता ३) किंवा फ्ल्युओराइट (४) यांना जाड पूड लावल्यास खडा झिजून जवळजवळ संपतो, म्हणून त्यांची सुरुवात १२०/२२० पासून किंवा त्याहून बारीक पुडीने करतात. मऊ व कठीण दगड एका पिंपात घोळत नाहीत. कंपनाने चालणाऱ्या यंत्रात खड्याचा मूळ आकार फारसा बदलत नसल्याने तेथे जाड पुडीचा टप्पा बहुधा गाळतात. दोन टप्प्यांच्या मध्ये खडे, पिंप व झाकण कसोशीने धुणे हे पुडीच्या निवडीइतकेच महत्त्वाचे असते, कारण झिलईच्या वेळी मागे राहिलेला जाड पुडीचा एक कणही साऱ्या खड्यांवर रेघा ओढतो. धुतलेला गाळ मोरीत ओतू नये. तो नळीत बसून सिमेंटसारखा घट्ट होतो.

घोळण्याची ही कल्पना ॲचेसन यांच्या पदार्थापेक्षा कितीतरी जुनी आहे. गुजरातेतील खंबात येथे अकीकाचे मणी पाणी व कुरुंदाच्या पुडीसह चामड्याच्या पिशवीत भरून दोन माणसे ती पिशवी दिवसेंदिवस एकमेकांकडे लोटत असत. पुढे पिशवीची जागा यंत्रावर फिरणाऱ्या पिंपांनी घेतली.

ग्रॅफाइटविषयक कार्य

कार्बोरंडमची भट्टी अधिक तापविल्यास सिलिकॉन वाफ होऊन निघून जातो व मागे जवळजवळ शुद्ध ग्रॅफाइट उरते, असे ॲचेसन यांच्या लक्षात आले. १८९६ मध्ये त्यांनी या पद्धतीचे पेटंट मिळविले आणि १८९९ मध्ये ॲचेसन ग्रॅफाइट कंपनी स्थापन केली. पोलाद वितळविणाऱ्या विद्युत भट्ट्यांना व क्लोरीन-अल्कली उद्योगाला लागणाऱ्या ग्रॅफाइटच्या विद्युत अग्रांचे उत्पादन यातून वाढले. १९२८ मध्ये ही कंपनी नॅशनल कार्बन कंपनीत विलीन झाली.

ग्रॅफाइटच्या मुशी बनविण्यासाठी चांगल्या चिकणमातीचा शोध घेताना ॲचेसन बायबलमधील एका प्रसंगाकडे वळले. इजिप्तमध्ये विटांच्या मातीत पेंढा घालीत, हा तो उल्लेख. पेंढ्याच्या अर्काने माती अधिक लवचीक व बळकट होते असे त्यांना आढळले आणि त्यांनी तिला ‘ईजिप्शियनाइज्ड क्ले’ असे नाव दिले. हीच युक्ती ग्रॅफाइटला लावून त्यांनी पाण्यात व तेलात तरंगत राहणारे अतिसूक्ष्म ग्रॅफाइट मिळविले. ‘ॲक्वाडॅग’ व ‘ऑइलडॅग’ ही त्याची व्यापारी नावे होत. दूरचित्रवाणीच्या जुन्या काचनळ्यांच्या आतील वाहक लेप ॲक्वाडॅगचाच असे.

सन्मान आणि अखेर

ॲचेसन यांच्या नावावर सुमारे ७० पेटंट होती. अमेरिकन ॲकॅडेमी ऑफ आर्ट्स अँड सायन्सेसचे रम्फर्ड पारितोषिक व पर्किन पदक (१९१०) त्यांना मिळाले. विद्युत-रासायनिक संशोधकांच्या अमेरिकी संस्थेचे ते काही काळ अध्यक्ष होते. १९२८ मध्ये त्यांनी या संस्थेला २५,००० डॉलरची देणगी दिली. तीतून सुरू झालेले ॲचेसन यांच्या नावाचे पदक १९२९ मध्ये प्रथम त्यांनाच देण्यात आले. ‘अ पाथफाइंडर’ हे त्यांचे आत्मचरित्रपर पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकी पेटंट कार्यालयाने १९२६ मध्ये औद्योगिक युगाला कारणीभूत ठरलेल्या २२ पेटंटांत कार्बोरंडमचा समावेश केला. ६ जुलै १९३१ रोजी न्यूयॉर्क येथे ॲचेसन यांचे निधन झाले.

नंतरचा काळ

कार्बोरंडमच्या स्फटिकाचा उपयोग १९०६ पासून रेडिओ लहरींचा शोधक म्हणून होऊ लागला. १९०७ मध्ये हेन्री जोसेफ राउंड यांना विद्युत दाब दिलेल्या अशाच स्फटिकातून पिवळसर प्रकाश निघताना दिसला. प्रकाश उत्सर्जक डायोडच्या, म्हणजे एलईडीच्या, इतिहासातील ही पहिली नोंद मानली जाते. आज विद्युत वाहनांतील अर्धवाहक घटकांसाठीही सिलिकॉन कार्बाइड वापरतात, मात्र त्यासाठी लागणारे स्फटिक वेगळ्या पद्धतीने वाढवले जातात. अपघर्षकासाठी लागणारा माल अजूनही मुख्यतः ॲचेसन पद्धतीनेच निघतो. भारतात मुरुगप्पा समूहाने अमेरिकेची कार्बोरंडम कंपनी व ब्रिटनची युनिव्हर्सल ग्राइंडिंग व्हील कंपनी यांच्या सहकार्याने १९५४ मध्ये मद्रास येथे कार्बोरंडम युनिव्हर्सल ही कंपनी सुरू केली. ज्या भाषेतील शब्दावरून ॲचेसन यांच्या पुडीला चुकून नाव मिळाले, त्या तमिळच्या प्रदेशात ती आजही याच नावाने चालते.